गिधाडांसाठी घेतलेली राई

सरपंचाच्या खुर्चीवर आत्या पाच वर्षांत एकदाही बसल्या नाहीत. त्या खुर्चीवर त्यांची छत्री बसायची. स्वतः त्या खाली सतरंजीवर, भिंतीला टेकून, एक पाय पोटाशी घेऊन बसत, आणि मी, म्हणजे गावचा ग्रामसेवक, टेबलामागून मान उंच करून त्यांच्याशी बोलत असे. तालुक्याहून आलेला नवा साहेब आधी खुर्चीकडे बघायचा, मग छत्रीकडे, मग माझ्याकडे. "सरपंच ह्या काय, खाली," असं मी म्हटलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होई. एकदा मी म्हणालो, "आत्या, बसा की वर. गावाला शोभतं." तर म्हणाल्या, "भाऊसाहेब, त्या खुर्चीचा एक पाय लंगडा हाय. छत्री पडली तर छत्रीला लागत नाय."

गाव जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरच्या एसटीच्या वाटेवर. नव्वदच्या दशकात सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि गावातल्या शहाण्या मंडळींनी पारावर बसून हिशेब मांडला, की सगळ्यात सोयीची बाई कोण? आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेल्या. मूल नाही, पाठीशी कोणी नाही, भावाच्या घराला लागून एक खोली, थोडं शेत आणि एक बैलजोडी. माहेरीच राहिल्यामुळे त्या आख्ख्या गावाच्या आत्या. ही सही करील आणि कारभार आपण करू, असं ठरलं. गरीब गाय म्हणून दावणीला बांधली आणि मारकी निघाली, असं त्या मंडळींचं पुढे झालं.

आत्या चौथी शिकलेल्या. कुठलाही कागद त्या माझ्याकडून दोनदा वाचून घेत. "एकदा तुमी वाचता तसं वाचा, आन् एकदा मला सांगता तसं सांगा." पहिल्या आणि दुसऱ्या वाचनात फरक पडला की सही नाही. नोकरीला मी नवा होतो. सरकारी मराठी लिहिण्याची मला फार ऐट होती. ती आत्यांनी सहा महिन्यांत उतरवली.

पण गावात त्या विक्षिप्त ठरल्या त्या छत्रीमुळे नाही. गिधाडांमुळे.

गावाबाहेर ओढ्याकाठी आंब्याची आणि सादड्याची जुनी राई होती. झाडं इतकी उंच की खालून आंबा दिसायचा नाही, पडला की कळायचा. त्या झाडांच्या शेंड्यांवर गिधाडांची घरटी होती. पलीकडे मुरमाड माळ. गावात मेलेलं जनावर त्या माळावर टाकत. पूर्वी ते ओढून नेण्याचं काम गावानं ज्यांच्या माथी मारलं होतं त्यांनी ते कधीच सोडून दिलं होतं, आणि बरंच केलं. आता ज्याचं जनावर तो ओढत असे. सकाळी टाकलं की दुपारी गिधाडं उतरत आणि संध्याकाळी हाडं उरत. वास नाही, माश्या नाहीत.

आत्या त्याला पंगत म्हणायच्या. "आज पंगत हाय," असं त्यांनी म्हटलं की समजायचं, कुणाचं तरी ढोर गेलं. पंगत बसलेली असताना माळावरून कुणी मोठ्यानं बोलत गेलेलं त्यांना खपत नसे. एखाद्या पोरानं दगड मारला तर त्या त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला बोलून येत. एकदा आमच्या उपसरपंचांनी त्यांना छेडलं, "आत्या, एवढं घाण पाखरू, त्याचं कसलं कौतुक करती राव?" आत्यांनी शांतपणे तंबाखू मळली. "जित्तेपनी मानसं खात्यात, मेल्यावर पाखरं खात्यात. पाखरं बरी. आधी मरू तरी देत्यात."

उपसरपंच नंतर दोन दिवस पंचायतीत आले नाहीत. त्यांच्या भावकीच्या जमिनीचा तंटा तेव्हा अगदी ताजा होता.

स्वतःचं म्हातारं जनावर आत्यांनी कधी बाजार दाखवला नाही. राबला तो बैल मरेपर्यंत दावणीला राहायचा, कडबा चावता येईना तर त्या त्याला भिजवलेली पेंड हातानं भरवायच्या. मेला की कपाळाला हळदकुंकू लावून, भाच्याच्या मदतीनं माळावर न्यायचा, आणि मग लांब बांधावर, डोक्यावर पदर घेऊन, पहिलं पाखरू उतरेपर्यंत उभं राहायचं. पाखरू उतरलं की बैलाचा शेवट गोड झाला असं त्या मानत. मला हे सुरुवातीला फार विचित्र वाटायचं. नंतर मी स्वतःच आभाळाकडे बघायला लागलो.

राई गावाची नव्हती. जुन्नरच्या एका शेठजींची होती. घराणं मूळचं मारवाडातलं, जैन, पण चार पिढ्या जुन्नरात. शेठजींचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. आजोबांनी घेतलेल्या राईत शेठजींना काही रस नव्हता, आणि एका वर्षी झाडांच्या बुंध्यांना चुन्याचे पट्टे दिसले. वखारवाला मोजून गेला होता.

त्या आठवड्यापासून आत्या दर बाजारी शेठजींच्या भुसार दुकानाच्या पायरीवर जाऊन बसू लागल्या. काही मागायचं नाही, भांडायचं नाही, बसायचं. शेठजी चहा पाजत. तिसऱ्या का चौथ्या बाजारी मी बरोबर होतो.

"शेठ, तुमी मुंग्यांना साखर घालता ना?" आत्यांनी विचारलं.

"घालतो की."

"आन् एवढ्या मोठ्या पाखराच्या घरट्यावर कुऱ्हाड घालता?"

"आत्या, तो मांसाहारी पक्षी आहे. आमच्या घरात त्याचं नावसुद्धा काढत नाहीत."

"मांस खातंय, पर मारत नाय. जल्मात एक जीव घेत नाय ते. तुमच्याच धर्माचं पाखरू हाय."

शेठजी इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसणं थांबल्यावर मात्र ते बराच वेळ तागडीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, वखारवाल्यापेक्षा कमी घेईन, पण फुकट देणार नाही, आणि कागदावर गिधाडांचा उल्लेख नको, घरात म्हातारी आई आहे. आत्यांनी तिथल्या तिथे चहाची कपबशी धुऊन ठेवली आणि उठल्या. सौदा झाला असं मला वाटेत कळलं.

आता पैसे पंचायतीचे. आमच्या हद्दीतल्या खाणीतून खडी गेली होती, तिच्या रॉयल्टीचा हिस्सा पंचायतीच्या निधीत आला होता, आणि गावाचा जीव त्यावर वेशीची कमान बांधायची म्हणून अडकला होता. शेजारच्या गावानं सिंह बसवलेली कमान बांधली होती, ते आमच्या लोकांना फार लागलेलं. ग्रामसभेला एवढी माणसं मी आधी पाहिली नव्हती.

"गिधाडासाठी जिमीन?" एक जण ओरडला. "उद्या कुत्र्यांला बंगला बांधा!"

"पावणं म्हणतील काय? या गावाला कमान नाय, गिधाडं हायती!"

आत्या उठल्या. भाषण त्यांना येत नव्हतं. "कमान बांधा," त्या म्हणाल्या, "माजी ना नाय. पर राई तुटली तर पाखरं जातील. मंग ढोर मेलं की माळावर आठ आठ दिस कुजंल. कमानीखालनं येनारं पावणं नाकाला पदर लावून येतील. तवा सिंव्ह काय करंल, वास खाईल का?"

बायकांच्या बाजूनं हसू फुटलं आणि ते पुरुषांकडे सरकलं. तेवढ्यात मी ठराव वाचला, दोन्ही तऱ्हेनं. हात वर झाले. अगदी थोड्या फरकानं, पण पुरेसे झाले.

वरची मंजुरी घ्यायची तर विस्तार अधिकारी आले. "सार्वजनिक प्रयोजन काय?" त्यांनी छत्रीकडे बघत विचारलं. मी वृक्षसंवर्धन, पर्यावरण वगैरे सुरू केलं. आत्या खालून म्हणाल्या, "साहेब, ह्या गावात ढोर फुकट उचलनारी ही येवढीच पाखरं हायती. तुमी एक मानूस द्या, मी राई सोडते." साहेब ठराविक शब्दांत शेरा लिहून गेले. मंजुरी आली. सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव लागलं, तो दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस होता.

आत्यांनी सातबारा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "हितं काय लिवत्यात? रिकामंच हाय."

"इतर हक्क. म्हणजे विहिरीत कुणाचा वाटा, कुणाची वाट..."

"मंग हितं त्यांचं नाव घाला. घरटं बांधायचा त्यांचा हक्क हाय की."

मी हसलो. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी कागदाची नीट घडी करून तो मला परत दिला, आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. आज वाटतं, तेव्हा हसायला नको होतं.

ह्यानंतरचं सांगायला मला जड जातं.

गावात दूधडेअरी आली, संकरित गाई आल्या, आणि त्यांच्यामागं मोटारसायकलवर, डिकीत बाटल्या घेऊन फिरणारा जनावरांचा डॉक्टर आला. आत्यांचा हरण्या नावाचा बैल त्याच वर्षी बसला. गुडघे सुजलेले, उठता येईना, रात्रंदिवस कण्हायचा. आत्यांनी डॉक्टरला बोलावलं. दुखणं थांबवायचं एक इंजेक्शन होतं. ते दिल्यावर हरण्या कण्हायचा थांबला, त्यानं मान टाकून झोप काढली, आणि तिसऱ्या दिवशी शांतपणे गेला. त्याची पंगत मोठी बसली. आत्या बांधावरून आल्या त्या समाधानानं. "भाऊसाहेब, हाल झाले नायती त्याचं. असं मरान मानसाला बी मिळत नाय."

पुढच्याच मासिक सभेत त्यांनी विषय मांडला. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्या जनावरानं कण्हत मरू नये. ज्याला डॉक्टर परवडत नाही त्याच्यासाठी औषध पंचायतीनं आणून ठेवावं. ठराव माझ्या अक्षरात आहे. जुन्नरहून त्या इंजेक्शनांची पेटी मीच आणली आणि कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली. राईच्या ठरावाला भांडण झालं होतं, ह्याला एकही हात खाली राहिला नाही. जो तो आत्यांना दुवा देत औषध घेऊन जाई.

म्हणजे एका ठरावानं आम्ही पाखरांना घर घेऊन दिलं, आणि दुसऱ्या ठरावानं त्यांच्या ताटात विष वाढलं. पण हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार? डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा आत्यांच्याच लक्षात आलं. पाखरं फांदीवर मान खाली सोडून बसत, तासन् तास. "पेंगत्यात," त्या म्हणायच्या. मग एक दिवस झाडाखाली एक पडलेलं सापडलं. मग आणखी. आत्या घमेल्यात पाणी घेऊन राईत जाऊन बसायच्या आणि पडलेल्या पाखराच्या चोचीशी घमेलं सरकवायच्या. ते पीत नसे. मेलेलं पाखरू त्या तिथेच खड्डा करून पुरत. दोनतीन वर्षांत घरटी रिकामी झाली. शेवटचं पाखरू कधी गेलं ते कुणी पाहिलं नाही.

मग आत्या ग्रामसभेत म्हणाल्या होत्या तसंच झालं, फक्त राई उभी असताना झालं. माळावर ढोरं कुजू लागली, कुत्री माजली. लोक म्हणू लागले, "आत्याचं पावणं रुसलं. जिमीन घेऊन दिली तरी रुसलं!" आत्यांची मुदत संपली होती, नव्या पंचायतीनं कमान बांधली, सिंहासकट. आत्या ऐकून घ्यायच्या. त्यांना वाटायचं आपल्याच हातून काही चुकलं. राईच्या तोंडाशी पंचायतीची लोखंडी पाटी लावली होती, ती त्यांनी एकट्यानं उपटून ओढ्यात टाकली. पाखरं पाटीला बुजली असतील म्हणून. पण रोज सकाळी राईत एक फेरी आणि आभाळाकडे बघणं सुटलं नाही.

माझी बदली आंबेगाव तालुक्यात लोणीच्या बाजूला झाली. संसार, पोरं, प्रमोशन, ह्यात आत्या मागे पडल्या. दिवाळीला एक पत्र टाकायचो, तेही पुढे राहून गेलं.

काही वर्षांनी एका प्रशिक्षणाला गेलो होतो. जेवणानंतरचं व्याख्यान, निम्मी सभा डुलत होती. वक्ता म्हणाला, सरकारनं जनावरांच्या एका वेदनाशामक औषधावर बंदी आणली आहे, कारण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडं मरतात. देशभर अशीच मेली. मरायच्या आधी ती मान खाली सोडून बसतात. त्यानं औषधाचं नाव सांगितलं. ते नाव मी पेटीवर वाचलं होतं, साठा नोंदवहीत लिहिलं होतं. मी उठून बाहेर गेलो आणि नळाखाली बराच वेळ हात धूत राहिलो.

पुढे महिनाभर मी जाऊ का नको करत होतो. शेवटी एका सकाळी एसटीत बसलो. सांगून टाकायचं, असं जुन्नर येईपर्यंत पक्कं होतं. तिथून पुढं प्रत्येक थांब्याला धीर एकेक पायरी उतरत गेला.

आत्या खोलीच्या दारात बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. हात डोळ्यांवर धरून म्हणाल्या, "कोन? भाऊसाहेब?" आणि माझा हात धरला तो सोडला नाही. चहा झाला. मग मला ज्याची भीती होती तेच त्यांनी विचारलं.

"तुमी शिकलेलं मानूस. चार गावं फिरलेलं. मला येक सांगा, आमचं चुकलं काय? जिमीन दिली, झाडाला हात लावू दिला नाय, पंगतीला कदी कमी केलं नाय. मंग का गेली?"

समोर बसलेल्या त्या बाईला मी खरं सांगू शकलो नाही. म्हणालो, "गेली नाहीत, आत्या. तिकडं घाटघरच्या बाजूला कड्यांवर अजून आहेत थोडी. जागा बदलली असेल."

त्यात अर्धं खरं होतं. कड्यांवर अजून थोडी गिधाडं होती, ती वेगळ्या जातीची. पण आत्यांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर बरं वाटलं.

"हायती? जित्ती हायती?" त्या भिंत धरून उठल्या. "मंग आज येतील बगा. घाटघर काय लांब नाय त्यांला, वरनं सगळं दिसतंय. पहाटंच माजा बैल पडलाय. शेवटचा. भाचा टॅक्टर घेऊन येतोय, आता माळावर न्यायचा. किती वर्सांनी पंगत..."

"आत्या, बैलाला इंजेक्शन दिलं होतं?"

"दिलं की. परवा आन् काल. त्येच, आपलं. डाक्तर म्हनतो आता मिळत नाय, पर त्याच्याकडं जुनी बाटली व्हती. त्याचं हाल कसं बघू?"

मग मला सांगावंच लागलं. दोनदा सांगावं लागलं, एकदा त्या वक्त्यानं सांगितलं तसं, आणि एकदा आत्यांना सांगायचं तसं. पेटीचं सांगितलं. ठराव माझ्या अक्षरात आहे हेही सांगितलं, जणू त्यानं त्यांचा वाटा कमी होणार होता.

आत्या रडल्या नाहीत. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "हरण्यापासनं?"

"हो."

"आन् मी घमेल्यात पानी नेत व्हते," त्या म्हणाल्या.

ट्रॅक्टर आला तेव्हा त्यांनी भाच्याला माळावर जाऊ दिलं नाही. बैल राईत न्यायला लावला. "पंचायतीची जागा हाय, आत्या, लोक बोलतील," भाचा म्हणाला. "बोलू दे. खोल घे." आम्ही दोघांनी खड्डा घेतला. मुळं आडवी येत होती, जमीन कठीण, दुपार झाली, हाताला फोड आले. दर थोड्या वेळानं आत्या वाकून बघत आणि म्हणत, "आनखी खोल." ह्या खेपेला कपाळाला हळदकुंकू नव्हतं, विसरल्या की मुद्दाम नाही लावलं ते मी विचारलं नाही. बैल आत सोडून आम्ही माती लोटायला लागलो, आणि मी वर पाहिलं, तर आत्या नेहमीसारख्या बांधावर जाऊन उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, घाटघरच्या दिशेला तोंड करून. हातात त्यांनी एक मोठा दगड धरला होता. ज्या दगडासाठी त्यांनी आयुष्यभर गावातल्या पोरांच्या आया झापल्या, तसाच. "वाईच लौकर बुजवा रं," त्या आभाळावरची नजर न काढता म्हणाल्या, "येखादं आलं तर मला मारावं लागंल."